मुलांची खेळणी: नाशिककर आईबाबा आणि आजीआजोबा नेहमी विचारतात ते प्रश्न

इंदिरानगरात प्लेग्रुप चालवते, त्यामुळे दिवाळी, वाढदिवस नाहीतर मे महिन्याची सुट्टी जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न सुरू होतात, बरेच जण तर दुकानात उभे राहून फोटो पाठवतात, "ताई हे घेऊ का?" दर वेळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसतो म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. आपला प्रश्न शोधा, तेवढंच वाचलं तरी चालेल. फक्त बटण सेलचं उत्तर सगळ्यांनी वाचा, तिथे सूट नाही.

प्रश्न: कुठल्या वयाला काय घ्यावं, एकदा सरळ सांगा ना.

मूल सध्या हातापायांनी काय उद्योग करतंय ते बघा आणि त्याला साजेसं घ्या, एवढंच आहे ते. पालथं पडणारं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, त्याला धरायला सोपा खुळखुळा आणि कापडी चेंडू पुरे. बसायला लागलं की डबे, वाट्या, झाकणं, यातून काढ त्यात टाक, हा खेळ कितीही वेळ चालतो आणि फुकटात होतो. चालायला लागलं की ढकलायचं नाहीतर दोरीने ओढायचं काहीतरी. दोनच्या आसपास नक्कल सुरू होते, बाबांसारखा फोन, आजीसारखी पूजा, मग तेव्हा भातुकली, बाहुली, ठोकळे, डॉक्टरचा सेट. तीन ते पाचमध्ये पझल, माती, रंग, आणि सोंगं घ्यायला आईच्या जुन्या ओढण्या. सहानंतर नियमांचे खेळ जमायला लागतात, सापशिडी, पत्ते, कॅरम, आणि हरल्यावर पट उधळून देणं हेही त्यातच आलं असं धरून चला.

वय थोडं मागेपुढे होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शेजारच्या मुलीने अडीच वर्षांत चोवीस तुकड्यांचं पझल लावलं म्हणून आपल्याला लगेच तेच आणायची गरज नसते.

प्रश्न: बॉक्सवर ३+ लिहिलंय पण आमचा मुलगा हुशार आहे, दोन वर्षांच्याला चालेल ना?

नाही चालणार. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि यात गैरसमजही मोठा आहे. ३+ हा हुशारीचा आकडा नाहीये हो, बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की आत छोटे तुकडे आहेत आणि ते घशात अडकू शकतात. कितीही हुशार असलं तरी दोन वर्षांच्या मुलाची श्वासनलिका दोन वर्षांच्याच मुलाची असते.

तपासणीत यासाठी एक छोटं नळकांडं वापरतात, ३१.७ मिलिमीटर रुंद, त्यात जो तुकडा पूर्ण मावला तो तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही. घरी करायचं असेल तर टिश्यू रोल संपल्यावर उरणारं पुठ्ठ्याचं नळकांडं घ्या, ते याच्यापेक्षा जरा रुंद असतं, म्हणजे त्यातून जे आरपार जाईल ते लहान बाळापासून लांब ठेवलं की आपण सुरक्षित बाजूला. गाडीचं चाक, बाहुलीचा बूट, टेडीचा डोळा, सगळं टाकून बघा. मोठं भावंड असलेल्या घरात हे जास्तच, कारण दादाचे ठोकळे फरशीवर पडलेले असतात आणि धाकटी रांगत असते.

आता विषय निघालाच आहे तर, आपण द्राक्षाच्या गावात राहतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी पेट्या येतात, पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका, उभं चिरून द्या. घशात अडकायला अगदी तोच आकार आहे तो.

प्रश्न: आयएसआय मार्क खरा आहे का खोटा, कसं ओळखायचं?

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. साध्या खेळण्यांचं मानक आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांचं आयएस १५६४४, हा नंबर मार्कच्या वर असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. मोबाईलमध्ये बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात तो नंबर टाकला की कोणाचं लायसन्स आहे, कुठल्या मालासाठी आहे, चालू आहे का संपलंय, सगळं दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होतं. नुसता आयएसआयचा छाप आहे आणि खाली नंबरच नाही, तर ते खेळणं परत ठेवून द्या, दुकानदार कितीही म्हणू दे "ओरिजिनल आहे मॅडम".

हस्तकला खात्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांची आणि जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीतली खेळणी या सक्तीतून वगळली आहेत, त्यामुळे हाताने केलेल्या लाकडी बाहुलीवर मार्क नसला म्हणजे ती बोगस असं होत नाही. तिथे रंग कुठला, कोणी केली, हे विचारा.

प्रश्न: घ्यायचं कुठून? मेनरोड, मॉल की ऑनलाईन?

माझं वैयक्तिक मत मेनरोड-शालिमारच्या बाजूने आहे, पार्किंगचा वैताग धरूनसुद्धा, कारण खेळणं हातात घेऊन बघता येतं. बॉक्स उघडून दाखवा म्हणायला लाजायचं नाही. मी काय करते सांगते, आधी कडांवरून बोट फिरवते, प्लास्टिकची धार राहिलेली असते ती लगेच लागते. मग टेडीची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघते, डोळे ओढते, चाकं पिळते. सेलचं झाकण बघते, स्क्रू आहे की नुसती क्लिप आहे. आणि आवाज करणारं असेल तर ते स्वतःच्या कानाशी लावते, कारण मूल तेच करणार आहे, आपल्या कानाला झोंबलं तर नको. घरी आधीच आलं असेल तर स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टी लावा, आवाज निम्मा होतो आणि आजोबांची दुपारची झोप पण होते.

ऑनलाईन घेणार असाल तर साईजचे आकडे वाचा. फोटोत ढकलगाडी दिसते आणि घरी येतं ते कीचेन.

प्रश्न: जत्रेतली खेळणी घेऊन द्यावीत का? कालिकेच्या यात्रेला गेलो की मुलगी हट्ट धरते.

द्या की! नवरात्रात कालिकेच्या यात्रेला जायचं, पाळण्यात बसायचं, पिपाणी वाजवत घरी यायचं, हे नाशिकच्या मुलाने करायलाच पाहिजे. घरून निघतानाच ठरवा, एवढे पैसे, यात तू निवडायचं, आणि ते पैसे तिच्याच हातात द्या. पन्नास रुपयांत भिंगरी घ्यायची का बुडबुड्याची बाटली यावर पाचसहा वर्षांचं पोर जो विचार करतं ना, तो बघण्यासारखा असतो, चार गाड्यांसमोर उभं राहून शेवटी पहिल्या गाडीवर परत येतं. दोन दिवसांत ते मोडलं तर मोडलं, त्याचे पैसे कधीच वसूल झालेले असतात.

जपायचं ते फुग्यांना, म्हणजे फुटलेल्या फुग्याच्या तुकड्यांना, ते लगेच उचला, लहान मुलं चघळतात आणि तो रबराचा पापुद्रा घशात चिकटून बसतो. लेझर लाईट अजिबात नको, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. आणि ते चमचम करणारे भोवरे, अंगठ्या, शिंगांचे हेअरबँड, त्यात जे असतं त्यासाठी पुढचा प्रश्न.

प्रश्न: बटण सेलचं एवढं काय? आम्ही लहानपणी सेल चाटून बघायचो.

पेन्सिल सेल चाटायचात तुम्ही, हा वेगळा आहे. तो चपटा चकचकीत गोल सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला की ओल्या जागेत त्यातून करंट वाहायला लागतो, तिथे कॉस्टिक सोड्यासारखं दाहक रसायन तयार होतं आणि दोन तासांतच अन्ननलिका गंभीर भाजू शकते. सेल फुटायची, गळायची गरज नाही, आणि "संपलेला" सेल पण हेच करतो कारण खेळणं चालण्याइतका करंट नसला तरी भाजण्याइतका असतो. सगळ्यात वाईट २० मिलिमीटरवाला, सीआर २०३२ लिहिलेला, साधारण रुपयाच्या नाण्याएवढाच दिसतो.

आणि तो फक्त खेळण्यात नसतो. गाडीच्या किल्लीत, वजनकाट्यात, थर्मामीटरमध्ये, उघडल्यावर गाणं वाजवणाऱ्या ग्रीटिंगमध्ये, देवघरातल्या त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांत, सगळीकडे आहे. घरात एकदा फिरून यादी करा. झाकणाला स्क्रू नसेल तर ती वस्तू वरच्या फळीवर, आणि जुने सेल ड्रॉवरमध्ये साठवायची सवय सोडा.

गिळला असा नुसता संशय आला तरी घरी वाट बघायची नाही. लाळ गळणं, खायला नको म्हणणं, खोकला, छातीशी दुखणं हे दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. उलटी काढू नका, आणि आपल्याकडे नाणं गिळल्यावर करतात तसं केळं किंवा भाताचा घास भरवून "खाली ढकलायला" तर अजिबात जाऊ नका. गाडी असेल तर गाडीने नाहीतर १०८ ला फोन करून एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा की सेल असू शकतो, कारण एक्स-रेमध्ये तो नाण्यासारखाच गोल दिसतो, फक्त कडेला दुहेरी रेघ असते, आधी सांगितलेलं असलं की डॉक्टर तीच शोधतात. नाकात किंवा कानात घातला तरी हीच घाई.

याच जातीची आणखी दोन संकटं: ताकदवान छोटी मॅग्नेट गोळी, दोन गिळल्या तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकींना चिकटतात, आणि पाण्यात फुगणारे ते रंगीत जेलीचे मणी, जे पोटात जाऊनही फुगतात आणि आतडं बंद करतात. लहान मुलं असलेल्या घरात दोन्ही आणू नका.

प्रश्न: लाकडी चांगली की प्लास्टिकची?

लाकडी दिसायला छान असतात आणि हल्ली महागही फार झाल्यात, पण लाकूड आहे म्हणून आपोआप सुरक्षित असं काही नसतं. सगळं रंगावर आणि घासाईवर असतं. कर्नाटकातलं चन्नपट्टण घ्या, तिथे लाकूड लेथवर फिरत असतानाच त्यावर लाखेची कांडी धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, त्यामुळे पोपडे निघत नाहीत आणि कडा गोल असतात. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीतली फळं-भाज्या तर इतकी हुबेहूब असतात की पाहुणे हात घालतात, पण ती रंगवलेली असतात, दात येणाऱ्या बाळाच्या तोंडात द्यायला नकोत, तीनचार वर्षांच्या मुलांच्या भाजीवाला-भाजीवालीच्या खेळाला एक नंबर.

प्लास्टिकमध्ये चांगलं प्लास्टिक वर्षानुवर्षं टिकतं. लेगोचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, १९५८ साली पेटंट घेतलेला तो ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. परवडत नसेल तर भारतीय कंपन्यांचे मोठे ठोकळे घ्या, मजा तीच. उग्र वास येणारं, हाताला चिकट लागणारं, घासलं की रंग बोटाला येणारं नको. आणि माळ्यावरची तुमच्या लहानपणीची रंगवलेली खेळणी कितीही आठवणीतली असली तरी शोकेसमध्ये ठेवा, जुन्या रंगांत शिसं असायचं, घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली.

प्रश्न: पितळेची भातुकली घ्यावी का? आजी म्हणते नाशिकची आहे तर पितळेचीच पाहिजे.

आजी बरोबर बोलतायत. तांब्या-पितळेची भांडी ही नाशिकची ओळख, भांडी बाजारात एकदा मुलीला घेऊन जाच. बोटभर बंब, खलबत्ता, झारा, उलथणं, परात, कळशी, छोटीशी शेगडी, सगळं एकेक हातात घेऊन बघता येतं. अख्खा सेट एकदम घ्यायची गरज नाही, दर वाढदिवसाला दोन भांडी, एक मामाकडून एक आत्याकडून, असं जमवत गेलं की त्या भांड्यांना माणसं चिकटतात, "ही आत्याची परात" असं.

प्लास्टिकच्या किचन सेटपेक्षा मला ही आवडते त्याचं कारण वजन. कळशी खरंच जड लागते, झारा परातीवर आपटला की खणकन वाजतो, मग मूल हळू हाताने ठेवायला शिकतं, कोणी न सांगता. फक्त सगळं तोंडात घालायचं वय संपू द्या, आणि भांड्यांना कल्हई नसेल तर त्यात चिंच, लिंबू, ताक असलं आंबट काही खाऊ देऊ नका. चुरमुरे, गूळ, पोळीचा तुकडा चालतो. शेंगदाणे चार वर्षांखाली नकोत, कारण वर द्राक्षाचं सांगितलं तेच. घासायला मुलांनाच बसवा, पितांबरी नाहीतर चिंच-मीठ घेऊन, अर्धा खेळ तोच आहे.

प्रश्न: मुलगा भातुकली खेळतो, सासरे चिडतात.

सासऱ्यांना त्याने केलेला चहा प्यायला द्या. चिडणं फार टिकत नाही.

प्रश्न: घरात खेळण्यांचा ढीग आहे तरी म्हणतो "मला काही खेळायलाच नाही". काय करू?

ढीग आहे म्हणूनच म्हणतो. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा २०१८ मध्ये आलेला एक अभ्यास आहे, दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं घेतली, एकदा समोर ४ खेळणी ठेवली आणि एकदा १६, तर चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जवळपास दुप्पट वेळ खेळली आणि जास्त तऱ्हेतऱ्हेने खेळली. आमच्या प्लेग्रुपमध्येही हेच दिसतं, टोपलीत जास्त ओतलं की सगळ्याला हात लावतात आणि कशाशीच खेळत नाहीत.

म्हणून तीनचार प्रकारची बाहेर ठेवा, बाकीची पोत्यात भरून माळ्यावर, आणि पंधरा दिवसांनी अदलाबदल. मुलासमोर भरू नका, नाहीतर नेमकी जाणारी गाडीच त्याला जगातली सगळ्यात प्रिय वाटायला लागते. दुसरं म्हणजे कुठली खेळणी आहेत तेही बघा. बटण दाबलं की नाचणारा, गाणारा रोबोट सगळं स्वतःच करतो, मुलाला करायला उरतं काय, बटण दाबणं. त्याच मुलाला फ्रिजचा रिकामा खोका द्या, तो आधी बस होतो, मग घर, मग दुकान, मग त्याला खिडकी कापून मागतो. माझ्या दृष्टीने खेळणं निवडायचा हाच एक प्रश्न आहे, याच्याशी पोरगं किती वेगवेगळे उद्योग करू शकेल. एकच करता येत असेल तर कितीही महाग असो, दोन दिवसांचं आहे.

प्रश्न: एबीसीडी बोलणारा लॅपटॉप, फ्लॅशकार्ड, "ब्रेन डेव्हलपमेंट" वाली खेळणी?

नावातच मार्केटिंग आहे. भाषा येते ती माणसाशी बोलून. ठोकळ्यांचा मनोरा पडला की "पडला! अजून एक ठेवू?" हे वाक्य त्या लॅपटॉपपेक्षा जास्त शिकवतं. मोबाईल-टॅबबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते चारला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी तितकं बरं.

प्रश्न: वॉकर घेऊ का, लवकर चालायला लागेल?

आत बसवायचा गोल वॉकर घेऊ नका, त्याने चालणं लवकर येत नाही आणि बाळ एका क्षणात जिन्याशी किंवा गरम चहाशी पोचतं. कॅनडात २००४ पासून तो विकायलाच बंदी आहे. आपला पांगुळगाडा मात्र छान, कारण त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. गुळगुळीत फरशीवर फार पळत असेल तर त्यावर तांदळाची छोटी पिशवी बांधून जड करा.

प्रश्न: संक्रांतीला पतंग कितव्या वर्षापासून?

धरायला तिसऱ्या वर्षापासून, उडवायला सातआठ तरी. येवल्याला नातेवाईक असतील तर भोगी, संक्रांत, कर तिन्ही दिवस तिकडेच जा, मुलाला आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, धरायला द्या, ढील सोडायचं काम पण मोठ्या मानाचं असतं. कठडा नसलेल्या गच्चीवर नाही. आणि नायलॉन मांजा कोणी फुकट दिला तरी घ्यायचा नाही, राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच त्यावर देशभर बंदी घातलीये, तरी दर वर्षी गळे कापले जातात, पक्षी तर किती. साधा सुती दोरा घ्या, पतंग कटला तर कटला.

प्रश्न: रिटर्न गिफ्ट काय देऊ? बजेट कमी आहे.

लाकडी भोवरा आणि त्याची जाळी, म्हणजे फिरवायची दोरी. मोठ्या मुलांना सागरगोटे किंवा पत्त्यांचा कॅट. लहानांना जाड खडूंची पेटी. चमकणारं, सेलवालं काही नको, वाढदिवसाला आलेल्या मुलांची धाकटी भावंडं घरी असतात.

प्रश्न: मोडलेल्या आणि नको झालेल्या खेळण्यांचं काय करायचं?

चांगली असतील तर धुवून, पुसून, सगळे तुकडे एका पिशवीत बांधून द्या, अंगणवाडीत विचारा, कामवाल्या मावशींना विचारा, सोसायटीत अदलाबदलीचा एक रविवार ठरवा. अर्धं पझल कोणालाच देऊ नका, ते दान नव्हे. मोडलेली असतील तर आधी मुलालाच उघडायला द्या, स्क्रूड्रायव्हर घेऊन, तुम्ही शेजारी बसून. आठनऊ वर्षांच्या मुलांना मोटर, चाकं, दातेरी चकत्या मिळाल्या की पुढचा आठवडा शांत. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून कितीतरी खेळणी करून दाखवलीत, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना, त्यांच्या वेबसाईटवर सगळं मराठीतही फुकट आहे. उघडायच्या आधी सेल काढून घ्या. बटण सेल असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळा, ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळा ठेवा, आणि घंटागाडी आली की घातक कचरा म्हणून सांगून द्या.